मागणें आणि प्रार्थना

परीक्षांचे दिवस आले म्हणजे आमच्या गांवच्या गणपतीपुढें मुलांची गर्दी वाढते. नोकरींत असतांना ती पाहून मला हसूं येई. आर्त, जिज्ञासु, अर्थार्थी आणि ज्ञानी असे भक्तांचे चार प्रकार गीतेच्या सातव्या अध्यायांत सांगितले आहेत; त्यांतले मागणारे ते खालच्या पायरीवरचे, असें मी संस्कृतच्या तासाला बजावून सांगत असें.

या पांडित्याची परीक्षा घरांतच झाली. बारा वर्षांपूर्वीं माझ्या पत्नीस असाध्य दुखणें जडलें. रुग्णालयांत रात्रीं तिच्या उशाशीं बसून मी विष्णुसहस्रनाम म्हणूं लागलों, तें निष्काम मुळींच नव्हतें. ‘ही वांचूं दे’ एवढेंच प्रत्येक नामामागें होतें, आणि त्याची मला लाजही वाटत होती. तिला तें उमगलें असावें. ती म्हणाली, “मागत असाल तर मागा, लाजतां कशाला?”

पुढें गीता पुन्हां उघडली, तेव्हां माझी चूक ध्यानांत आली. भगवंतांनीं आर्ताला यादींत पहिलें स्थान दिलें आहे. आणि ज्ञानी हा आपला आत्माच, असें म्हणतांनाही चौघांनाही ‘उदार’ म्हटलें आहे. आर्त म्हणजे चोर, वाघ, रोग इत्यादिकांनीं गांठलेला, असा अर्थ शंकराचार्य देतात. भाष्यांतला हा वाघ मी अनेक वर्षें वाचून ओलांडला होता! मधुसूदन सरस्वतींनीं तर आर्तांत द्रौपदी व गजेंद्र, आणि अर्थार्थींत ध्रुव गणला आहे. यांना खालच्या पायरीवर बसविणारा मी कोण?

गजेंद्राची कथा भागवताच्या आठव्या स्कंधांत आहे. सरोवरांत नक्रानें त्याचा पाय धरला. हजार वर्षें ओढाताण चालली. कळपांतील इतर हत्तींनाही तो सोडवितां येईना. बळ सरल्यावर त्याला पूर्वजन्मीं शिकलेलें स्तोत्र स्मरलें. त्या जन्मीं तो इंद्रद्युम्न नांवाचा पांड्य राजा होता. नवल असें कीं, ज्या पायासाठीं ही हांक, तो पाय त्या स्तोत्रांत जवळजवळ नाहींच. जगाचें मूळ कोण, तें आळवितां आळवितां, या हत्तीच्या देहांत जगण्याचीही इच्छा त्याला उरत नाहीं. आत्म्यावरील आवरण दूर व्हावें, एवढेंच तो मागतो. पायही सुटला, पण मागणें त्यापूर्वींच बदललें होतें. ध्रुवाचेंही तसेंच. सावत्र आईच्या बोलानें दुखावून तो उच्च पदासाठीं तपाला बसला, आणि हरिदर्शन घडल्यावर, राजापाशीं जाऊन आपण कोंडा मागितला, असें वाटून खंतावला. मात्र तो मागावयास निघालाच नसता, तर हें त्याला कळावयाचें कसें?

प्रार्थनेनें ईश्वराचें मन फिरतें कीं नाहीं, हें सांगण्याचा अधिकार मला नाहीं. माझें फिरलें, एवढें खरें. तिसऱ्या आठवड्यांत ‘वांचूं दे’ मागें पडून ‘तिला वेदना नकोत’ हें आलें. अखेरच्या दिवसांत, मी येथून उठून पळूं नये, इतकेंच मागत होतों. ती गेली, तेव्हां मी तिच्याजवळ होतों.

परवां माझा धाकटा नातू देवघरांत हात जोडून गणिताचे गुण मागत होता; आंकडाही त्यानें मोठ्यानें सांगितला. मीं समईंत तेल घातलें आणि तो उठेपर्यंत दाराशीं थांबलों.