पाठ दाखवण्याआधी...

बहिणीच्या लग्नासाठी ब्लाऊज शिवायला टाकलाय. टेलर विचारतो, "मागचा गळा किती ठेवू?" आणि काही जणींचा आवाज एकदम खाली येतो. "साधाच ठेवा..." मुलांचंही वेगळं नाही. ऑफिसची पिकनिक अलिबागला, सगळी गँग पाण्यात, आणि एक पठ्ठ्या टी-शर्ट घालूनच पोहतोय. विचारलंत तर म्हणेल, "ऊन लागतं रे!"

कारण वेगळंच असतं. पाठीवर पुळ्या. चेहऱ्यावर एक पिंपल आला तर आपण दहा वेळा आरशात डोकावतो, पण पाठीकडे लक्ष जातं ते थेट लग्नपत्रिका हातात पडल्यावर. मग सुरू होते धावपळ, आणि नेमक्या त्याच धावपळीत पाठीची वाट लागते.

खांदे आणि पाठीचा वरचा भाग इथे तैलग्रंथी भरपूर. ग्रंथीचं तोंड मृत पेशींनी बुजलं, आत तेल साचलं, त्यात जिवाणू वाढले की पिंपल तयार. वर आपली लाइफस्टाइल. सकाळी ८:२०ची लोकल, पाठीला चिकटलेली लॅपटॉपची सॅक, आत पॉलिएस्टरचा शर्ट. सॅकचे पट्टे जिथे घासतात तिथेच पुळ्यांची रांग दिसते का, बघा. घाम, दाब आणि घर्षण यांनी होणाऱ्या पिंपल्सना डॉक्टरांकडे वेगळं नावच आहे, 'अॅक्ने मेकॅनिका'. जिमवरून आल्यावर ओल्या टी-शर्टमध्येच तासभर फोनवर गप्पा मारणारेही याच रांगेत. आणि हो, केस धुताना कंडिशनर पाठीवरून ओघळतो, त्याचा थर राहून जातो. आधी केस धुवा, ते वर बांधा आणि मग पाठ साबणाने धुवा. फुकटातला उपाय!

आता मुद्द्याचं. पाठीवर उठलेलं सगळंच पिंपल नसतं. काळ्या-पांढऱ्या बारीक टोकांच्या, काही लहान, काही मोठ्या, हात लावला की दुखणाऱ्या गाठी असतील तर बहुधा पिंपल्स. पण साधारण एकाच मापाच्या बारीक पुळ्या एकदम उठल्या, घाम आला की खाज सुटते, आणि पिंपल्सचं औषध लावूनही ढिम्म फरक नाही, तर ती बुरशी असू शकते. तिचं नाव मॅलॅसेझिया. कोंडा आणि शिबं यांच्या मागेही हीच बया असते! ती प्रत्येकाच्या त्वचेवर असतेच, पण मुंबई-कोकणच्या दमट हवेत आणि घामट कपड्यांत फोफावते. अँटिबायोटिकच्या कोर्सनंतर तर हमखास, कारण तिला आवर घालणारे जिवाणूच मेलेले असतात. त्वचेवरचं तेल हे तिचं खाद्य, त्यामुळे पाठीला तेलाचं मालिश म्हणजे तिला आयती मेजवानी. आणि एप्रिल-मेमध्ये उठणारं घामोळं हा तिसराच प्रकार. पंखा, सैल सुती कपडे आणि गार पाण्याने आंघोळ, एवढ्याने ते बहुतेक वेळा बसतं.

आजी म्हणेल, उष्णता झालीय, पोट साफ नाही. आजीच्या सब्जाने बिघडणार काही नाही, पण पुळ्याही जाणार नाहीत.

खरा घोळ होतो मेडिकलच्या काउंटरवर. "पाठीवर पुरळ आलंय, काहीतरी द्या ना." समोरून एक छोटी स्वस्त ट्यूब येते. लावल्यावर दोन दिवसांत लाली कमी, खाज बंद. जादूच! मग ती ट्यूब मैत्रिणीला, भावाला, रूममेटला. अशा बऱ्याच ट्यूबमध्ये बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड यांची भेळ असते. स्टेरॉइड लाली दाबतं, पण बुरशीला मोकळं रान देतं. थांबवलं की सगळं दुप्पट वर येतं, म्हणून परत लावा. महिनोन्महिने हे चाललं की त्वचा पातळ होते, स्ट्रेच मार्क्स उमटतात, ते पूर्ण जात नाहीत, आणि स्टेरॉइडमुळेच नव्या पुळ्या येतात त्या वेगळ्याच. २०१८मध्ये सरकारने स्टेरॉइडच्या अनेक मलमांवर प्रिस्क्रिप्शनचं बंधन घातलं. पण काउंटरवर मागितलं की मिळतं, हे आपल्याला ठाऊक आहेच. म्हणून ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांपैकी एखादं नाव दिसलं तर ती ट्यूब स्वतःच्या मनाने पाठीला लावायची नाही.

मग लावायचं काय? साध्या पिंपल्ससाठी बेन्झॉइल पेरॉक्साइडचा वॉश चांगला. आंघोळीत पाठीला लावा, दोन-तीन मिनिटं थांबा, धुऊन टाका. पाठीला हात पोचत नाही आणि पीजीमध्ये राहत असाल तर रूममेटशी इतकी दोस्ती नसते, त्यामुळे जेलपेक्षा वॉश सोयीचा. फक्त टॉवेल पांढरा वापरा, हे रसायन रंग उडवतं. बुरशी असेल तर कोंड्यासाठीचा केटोकोनॅझॉलचा शाम्पूच पाठीलाही चालतो, पण बुरशीच आहे हे आधी डॉक्टरांना ठरवू द्या. घोसाळ्याच्या घासणीने खसाखसा घासणं मात्र बंद. पुळ्या मळाने येत नाहीत, घासून जात नाहीत, उलट चिडतात. फोडायच्या तर अजिबात नाहीत. खांदे आणि पाठीवर जाड उंचवट्याचे व्रण राहण्याची प्रवृत्ती जास्त असते.

आणि वेळ. कुठल्याही औषधाला सहा ते आठ आठवडे तरी द्यायला हवेत. पुळ्या गेल्यावर आपल्या सावळ्या कातडीवर राहणारे काळे डाग फिकट व्हायला आणखी काही महिने. त्यामुळे लग्न डिसेंबरमध्ये असेल तर सुरुवात गणपतीच्या आधीच करा. आठवड्यावर आलेल्या लग्नासाठी पार्लरमध्ये पाठीचं वॅक्सिंग किंवा बॉडी पॉलिशिंग करून घेतलंत, तर फोटोत जुन्या पुळ्यांसोबत नव्याही येतील.

मोठ्या दुखऱ्या गाठी, व्रण पडायला लागलेत, पाळी अनियमित आहे आणि हनुवटीवर केस वाढतायत, किंवा जिममध्ये कुणी 'मसल्ससाठी' इंजेक्शन दिलंय... असं काही असेल तर थेट त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि इंजेक्शनचं लपवू नका. डॉक्टरांनी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या सुचवल्या, तर मुलींनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. या गोळ्या चालू असताना आणि थांबवल्यावरही महिनाभर गर्भ राहता कामा नये, बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. लग्न तोंडावर असेल तर तारीख डॉक्टरांना स्वतःहून सांगा.

जाताना आत्तापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्या. संपलेल्यासुद्धा.