संसदेच्या पटलावर नगररचना

निवासी भागातील दुकानांना लागलेल्या टाळ्यांची चिंता देशाच्या संसदेने वाहावी, अशी तरतूद राज्यशास्त्राच्या कुठल्या ग्रंथात सापडणार नाही. राजधानीबाबत मात्र हे २००६ पासून घडत आले. त्या वर्षी न्यायालयाच्या आदेशाने टाळेबंदी सुरू झाली, व्यापारी रस्त्यावर उतरले आणि संसदेने अनधिकृत बांधकामांना वर्षभराचे अभय देणारा विशेष कायदा संमत केला. ते वर्ष काही संपले नाही. मुदतवाढीची विधेयके येत राहिली. डिसेंबर २०२३ मधील विधेयकाने मुदत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत नेली. (मतांचे गणित सर्वच पक्षांना कळत असल्याने विरोधाच्या फंदात सहसा कोणी पडत नाही.)

हा भार संसदेच्या माथी आला, कारण दिल्लीचा आराखडा नगरसेवकांच्या हाती कधी नव्हताच. १९५७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या दिल्ली विकास प्राधिकरणाचे अध्यक्ष नायब राज्यपाल असतात. महापालिकेचे दोन प्रतिनिधी तेथे बसतात खरे. तथापि आराखड्यास मंजुरी केंद्राची लागते.

१ जून १९९३ रोजी अमलात आलेल्या ७४व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीतील १८ विषयांत पहिले स्थान नगररचनेला दिले. परंतु विधिमंडळे हे अधिकार पालिकांना देऊ शकतील, एवढेच त्या दुरुस्तीत म्हटले आहे. दिलेच पाहिजेत, असे नाही. राज्यांनी या मोकळिकीचा पुरेपूर लाभ घेतला.

खेड्यांची कथा अधिक बिकट आहे. पाच हजारांवर लोकसंख्या, दाट वस्ती आणि तीन चतुर्थांश पुरुष कामकरी शेतीबाहेर, अशी गावे जनगणनेच्या लेखी शहरे ठरतात. कारभार मात्र ग्रामपंचायतीकडेच राहतो. २००१ मध्ये अशी १,३६२ गावे होती, २०११ मध्ये ३,८९४ झाली. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत, पण नगररचना नाही. ओढा बुजवून चार मजले चढतात, तेव्हा ग्रामसेवकापाशी नकाशाही नसतो.

हा सांधा जुळावा म्हणूनच घटनेने जिल्हा नियोजन समिती बंधनकारक केली. चार पंचमांश सदस्य पंचायती व पालिकांतून निवडलेले, आणि भूप्रदेशाचे नियोजन व पाण्याची वाटणी हे विषय नावानिशी सांगितलेले. महाराष्ट्रात या समितीचे अध्यक्षपद पालकमंत्र्यांकडे आहे, आणि बैठकांचा बहुतेक वेळ वार्षिक निधीच्या वाटपात जातो.