उकाराचा घोटाळा

राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या जनकपित्याच्या नावे वसविलेले जयसिंगपूर ही शिरोळ तालुक्यातील मोठी बाजारपेठ होय. येथे एखाद्या शेतकऱ्याने खताची उधारी फेडली, तरी दुकानातील संगणक कधी कधी पुन्हा तगाद्याचे पत्र धाडतो. मानी मनुष्याला ते किती झोंबते! अशा वेळी बोलावलेला तंत्रज्ञ यंत्र न उघडता आधी नोंदी वाचतो. एकीत गाव ‘जयसिंगपूर’, दुसरीत ‘जयसिंगपुर’. माणूस ही चूक समजून घेतो. संगणक मात्र अक्षरे अंकांनी ओळखतो. युनिकोड या संकेतात ऱ्हस्व उकाराचा अंक २३६९, दीर्घाचा २३७०. एवढ्यावरून एकाच गिऱ्हाइकाची दोन खाती झाली. उधारी एकात राहिली, भरणा दुसऱ्यात गेला. तंत्रज्ञ मूळ नोंदींची प्रत काढून ठेवतो, भ्रमणध्वनीचा क्रमांक ताडून पाहतो आणि मगच दोन्ही खाती जोडतो. घाईने एक पुसले, तर भरणाच नाहीसा व्हायचा.