नदीकाठची धूप : कारणे शोधावीत गावकऱ्यांच्या साहाय्याने

अंबरनाथ तालुक्यातील चामटोलीच्या परिसरास उल्हास नदीचा पूर नवा नाही. दि. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणी या स्थानकांच्या दरम्यान मुंबईहून कोल्हापुरास निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली. त्या वेळी हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करण्यात आली व आसपासच्या ग्रामस्थांनीही त्या कामी हातभार लावला. ही हकीगत सर्वांच्या स्मरणात आहे. परंतु पूर ओसरल्यावर नदीकाठच्या शेतकऱ्यास आपल्या खाचराचा बांध जागेवर दिसत नाही, त्याची नोंद सहसा कोणी घेत नाही. पिकाचे नुकसान पुढील हंगामात भरून काढता येते. वाहून गेलेली जमीन मात्र परत मिळत नाही.

‘पुराने जमीन नेली’ एवढे म्हणून भागत नाही. ताप आला एवढ्यावरून रोग कळत नाही, तसेच हे आहे. एकाच पुरात एकाचा काठ तुटतो व शेजाऱ्याचा शाबूत राहतो, तेव्हा पुराखेरीज आणखी काही कारण असलेच पाहिजे. ते न शोधता केलेला खर्च बहुधा पाण्यात जातो.

नदीचा स्वभाव

उल्हास नदी सह्याद्रीत राजमाचीच्या परिसरात उगम पावून कर्जतमार्गे बदलापूर-कल्याणकडे येते. घाटातील पाऊस थोड्या वेळात खाली उतरत असल्याने पाणी झपाट्याने चढते व तसेच उतरते. वळणावर बाहेरच्या बाजूस प्रवाहाचा वेग अधिक असतो व तेथे काठ कापला जातो. आतील बाजूस वेग मंदावून रेती व गाळ साचतो. टाटांच्या भिवपुरी वीजगृहातून सोडले जाणारे पाणी १९२२ पासून या नदीस मिळत आले आहे. बारमाही पाण्यामुळे काठाचा पायथा वरून दिसत नाही. तो काठीने चाचपून पाहावा लागतो.

कारणे व त्यांची लक्षणे

१. पायथा पोखरणे : वरची माती घट्ट दिसते, पण खाली कपार झालेली असते. हे लक्षण वळणाच्या बाहेरील बाजूस विशेष आढळते.

२. पूर ओसरताना काठ ढासळणे : काठाची माती पाणी पिऊन जड होते. नदीचे पाणी एकाएकी उतरले की तिचा आधार सुटतो व दरड खाली बसते. काठास समांतर गेलेल्या भेगा ही याची पूर्वसूचना होय.

३. शेतातील पाणी : खाचरांचे जादा पाणी वाट मिळेल तेथून नदीत उतरते व ओघळ पाडते. ही धूप नदीमुळे होत नसून आपल्याच पाण्यामुळे होते.

४. झाडोरा नष्ट होणे : निरगुडी, करंज, वाळुंज, बांबू यांची मुळे माती धरून ठेवतात. ती तोडल्यावर एक-दोन पावसाळ्यांतच काठ उघडा पडतो.

५. मनुष्याची कृत्ये : पात्रातील रेतीचा उपसा, विटांसाठी काठाच्या मातीची खोदाई, पात्रालगत टाकलेला भराव. उपशाने पात्र खोल होऊन काठाचा पाया सुटतो. भरावाने पात्र अरुंद होऊन प्रवाह समोरच्या काठावर आदळतो.

गावकऱ्यांची बैठक व शिवारफेरी

वरीलपैकी कोणते कारण कोठे लागू आहे हे ठरविण्यास गावकऱ्यांइतका जाणता साक्षीदार दुसरा नाही. ग्रामसेवकांनी व कृषि कार्यकर्त्यांनी बैठकीस दोन्ही काठांवरील शेतकऱ्यांस बोलवावे. त्यांच्याबरोबर मासे धरणारे, गुराखी, पाण्यास व धुण्यास नदीवर जाणाऱ्या स्त्रिया आणि वृद्ध यांसही अगत्याने बोलवावे. ज्यांच्या नावे जमीन नाही अशांचे नदीविषयीचे ज्ञान पुष्कळदा अधिक बारकाईचे असते.

‘धूप का होते?’ असा प्रश्न विचारू नये. त्यास ठराविक उत्तर मिळते. ‘२००५ च्या पुरापूर्वी काठ कोठे होता? ते झाड कधी पडले? पूर नसलेल्या वर्षीही माती जाते काय? रेती कोठून उचलली जाते?’ असे विचारावे. पूर नसलेल्या वर्षीही काठ तुटत असेल, तर दोष केवळ पुरावर ढकलता येणार नाही. सांगितलेल्या खुणा गावनकाशावर मांडून नंतर सर्वांनी मिळून काठाने फेरी करावी. पहिली फेरी वैशाखात व दुसरी पावसाळ्यानंतर आश्विनात असावी. पूर असताना कोणीही काठावर जाऊ नये. मतभेद झाल्यास दोन्ही म्हणणी लिहून ठेवावीत; खरे काय ते पुढील मोजणी सांगेल.

मोजणी

काठापासून १० मीटर आत, दर २० मीटरवर पक्क्या खुंट्या रोवाव्यात. पावसाळ्यापूर्वी व नंतर प्रत्येक खुंटीपासून काठापर्यंतचे अंतर मोजून तारखेसह वहीत लिहावे. समजा, ५० मीटर लांबीचा काठ २ मीटर आत सरकला, तर १०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ एक गुंठा जमीन गेली. काठाची उंची ३ मीटर असल्यास ३०० घनमीटर माती वाहून गेली असे समजावे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये वाहून गेलेल्या जमिनीच्या आकारात नियमानुसार सूट देण्याची तरतूद आहे. त्या कामीही अशी वही उपयोगी पडते.

कारण तसा उपाय

ओघळ पडत असल्यास भिंत बांधून उपयोग नाही. शेतातील पाणी एकत्र करून दगडी सांडव्यावरून खाली उतरवावे. काठ उघडा असल्यास उतारावर वाळा व वरच्या बाजूस बांबू, करंज लावावेत आणि तेथे चराई बंद ठेवावी. उपसा हे कारण असल्यास तो थांबल्याखेरीज कोणतीही लागवड टिकणार नाही. त्याबद्दल ग्रामसभेत ठराव करून तहसीलदारांकडे पाठवावा. पायथा पोखरला जात असेल तर जलसंपदा खात्याच्या अभियंत्यांचा सल्ला घ्यावा. एकट्याने घातलेली दगडाची भिंत आपला काठ वाचवते, परंतु प्रवाह पुढच्या शेतावर लोटते. म्हणूनच दोन्ही काठांच्या लोकांनी एकत्र बसणे अगत्याचे आहे.

समुद्रकाठीही हीच रीत

भारताच्या किनाऱ्यापैकी सुमारे एक तृतीयांश भागाची १९९० ते २०१८ या काळात धूप झाल्याचे राष्ट्रीय पाहणीत आढळून आले आहे. तेथे लाटांचा मारा, वाळूचा उपसा, तिवरांची तोड अशी कारणे असतात व कोळी बांधवांचे स्मरण हाच पहिला दाखला ठरतो. उल्हासचे पाणी पुढे वसईच्या खाडीवाटे समुद्रास मिळते, आणि नद्यांनी आणलेली रेती किनाऱ्याच्या उपयोगी पडते. तेव्हा वरच्या गावाने नदी जपणे हे खालच्या गावाच्याही हिताचे आहे.

येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक नदीकाठच्या गावाने निदान एक फेरी व एक वही एवढे तरी करावे. खुंट्या रोवण्यास एक दिवस पुरतो. गेलेला गुंठा मात्र पिढ्यान्पिढ्या मिळत नाही.