सचेतन अक्षरांकन

सचेतन अक्षरांकन : चित्रपट, व्हिडिओ किंवा व्याख्यानाच्या स्लाइडमधील मजकुराचे स्थान, आकारमान, रंग वा पारदर्शकता कालानुसार बदलून अक्षरांना गती असल्याचा आभास निर्माण करण्याचे तंत्र. किंचित फरक असलेल्या स्थिर चौकटी डोळ्यांसमोरून वेगाने सरकल्या म्हणजे त्या सलग हालचालीसारख्या भासतात. चित्रपटात सेकंदाला सामान्यतः २४ चौकटी दाखविल्या जातात.

या तंत्राला कलात्मक प्रतिष्ठा मिळवून देण्यात अमेरिकन आलेख्यकार सॉल बास (१९२०–९६) यांचा मोठा वाटा आहे. ॲल्फ्रेड हिचकॉक यांच्या नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट (१९५९) या चित्रपटाच्या प्रारंभी त्यांनी तिरप्या रेषांच्या जाळीवरून नावे वरखाली सरकविली. पुढे त्याच रेषांतून काचेच्या उंच इमारतीचा दर्शनी भाग साकारतो. स्टार वॉर्स (१९७७) मधील दूर जात लहान होणारा मजकूर हा छापील पट्टीवरून कॅमेरा सावकाश सरकवून चित्रित केला होता.

संगणकावर प्रत्येक चौकट स्वतंत्रपणे रेखाटावी लागत नाही. अभिकल्पक हालचालीचा आरंभ, शेवट व महत्त्वाचे टप्पे दर्शविणाऱ्या मुख्य चौकटी ठरवितो. मधल्या चौकटींची गणना संगणक करतो. सेकंदाला २५ चौकटी धरल्यास दोन सेकंदांच्या हालचालीस ५० चौकटी लागतात. प्रत्येक चौकटीत अंतर समान ठेवल्यास गती यांत्रिक वाटते. म्हणून आरंभी वेग हळूहळू वाढवितात व शेवटी तो कमी करतात. पॉवरपॉइंटमध्ये अशा परिणामांचे प्रवेश, ठसा, निर्गमन व गतिमार्ग असे चार वर्ग केलेले आहेत.

रोमन लिपीसाठी योजलेली पद्धत देवनागरीस जशीच्या तशी लागू पडत नाही. युनिकोड संकेतप्रणालीत ‘कि’ या अक्षरातील ऱ्हस्व वेलांटी ‘क’नंतर साठविली जाते, परंतु दिसते त्याच्या आधी. ‘स्त्री’ या एका अक्षरास सहा संकेत लागतात. आज्ञावलीने मजकूर संकेतागणिक तोडल्यास मात्रा एकाकी पडतात आणि जोडाक्षरे फुटतात. त्यामुळे विभागणी संपूर्ण अक्षरागणिक, किंवा त्याहून बरे म्हणजे शब्दागणिक करणे इष्ट ठरते. शब्द अखंड राहिला म्हणजे शिरोरेषाही तुटत नाही. आज्ञावलीस जोडाक्षरांची जुळणी जमत नसल्यास ती जमणाऱ्या दुसऱ्या आज्ञावलीत मजकूर जुळवून, त्याचे बाह्यरेषांत रूपांतर करून मग तो वापरतात. मात्र त्यानंतर त्यात शब्दशः दुरुस्ती करता येत नाही.

गती ही आशयास पूरक असावी लागते. मजकूर वाचून होण्यापूर्वीच नाहीसा झाला, अथवा प्रत्येक ओळ निराळ्या रीतीने उड्या घेऊ लागली, तर प्रेक्षकाचे लक्ष अर्थावरून ढळते. तीव्र लुकलुकण्यामुळे प्रकाशसंवेदी अपस्मार असलेल्या व्यक्तींना झटका येण्याचा संभव असतो. यास्तव कोणत्याही एका सेकंदात तीनहून अधिक वेळा लुकलुकणारे परिणाम टाळावेत, असा संकेत आहे.