डाग असू दे, डायल खरी हवी!

२२ जुलै २०२१. सावित्रीचं पाणी महाडमध्ये शिरलं, तेव्हा आमचंही घर बुडालं. पाणी ओसरल्यावर चिखलाने भरलेल्या कपाटात आजोबांचं एचएमटी 'जनता' सापडलं. मुंबईत गिरणीत असताना घेतलेलं. काचेच्या आत पाणी, डायलवर तपकिरी डाग. दुरुस्तीवाले काका म्हणाले, "मशीन साफ करतो. डायलही रंगवून देऊ का? एकदम कोरं दिसेल." बाबा हो म्हणणार, तोच आजी म्हणाली, "नको. मग ते ह्यांचं कसं राहील?"

व्हिंटेज घड्याळं जमवणाऱ्यांचा पहिला नियमच आजीने सांगून टाकला होता!

सध्या कॉलेजात व्हिंटेजची क्रेझ आहे. त्यातही क्रोनोग्राफ म्हणजे भारीच. हे मनगटावरचं स्टॉपवॉच. वरचं बटण काटा सुरू-बंद करतं, खालचं तो शून्यावर आणतं. अनेकांच्या कडेला टॅकीमीटरचे आकडे असतात. महाडहून पोलादपूरच्या एसटीत बसा, हायवेवरच्या एका किलोमीटरच्या दगडापाशी बटण दाबा, पुढच्या दगडापाशी थांबवा. ४५ सेकंद लागले, तर काटा ८० दाखवतो. तोच गाडीचा ताशी वेग. बॅटरी नाही, सगळी चाकांची आणि स्प्रिंगची करामत!

१९६९ मध्ये चंद्रावर बझ ऑल्ड्रिनच्या मनगटावर होता ओमेगाचा स्पीडमास्टर, चावीचा क्रोनोग्राफ. अभिनेता पॉल न्यूमनचं रोलेक्स डेटोना २०१७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात पावणेदोन कोटी डॉलरहून जास्त किमतीला गेलं. असे आकडे वाचले, की आपल्यालाही वाटतं, ऑनलाइन दोन-तीन हजारांत मिळतंय ना, घेऊन टाकू.

इथेच थांबा. पुन्हा रंगवलेल्या डायलची, चार घड्याळांचे पार्ट जोडून केलेली घड्याळं आपल्याकडून इतकी बाहेर गेली, की परदेशी संग्राहकांनी त्यांना 'मुंबई स्पेशल' असं नावच पाडलंय. पन्नास वर्षांचं घड्याळ नव्यासारखं चकाकत असेल, तर आधी शंका घ्या. भिंगातून अक्षरं बघा. जाड, वाकडी, पसरलेली दिसली तर डायल रंगवलेली असू शकते. मागचं झाकण उघडून मशीनचा फोटो मागा. क्रोनोग्राफ असेल तर बटणं दाबा. काटा बरोबर बारावर परत यायला हवा. अडखळला, तर दुरुस्ती घड्याळापेक्षा महाग पडू शकते.

आणि विकत घेण्याआधी घरातलं कपाट उघडा. क्रोनोग्राफ नसेल मिळणार, पण गिरणीच्या पगारातून घेतलेलं एखादं घड्याळ सापडेलही. त्याची गोष्ट सांगणारं माणूस अजून घरात असेल, तर आजच विचारून ठेवा.

आमचं 'जनता' आता माझ्या हातात असतं. रोज सकाळी चावी देते. दिवसाला चार मिनिटं मागे पडतं. डाग आहे तिथेच आहे.