भाड्याची गाडी : जादा विमा घ्यावा की नको?



गळीत हंगाम उताराला लागला की मार्कंड्याची महाशिवरात्रीची यात्रा, ताडोबा, हेमलकसा असे बेत निघतात. हल्ली पुष्कळ जण ड्रायव्हर न घेता गाडी भाड्याने घेऊन स्वतःच चालवतात. गाडी देणारा हमखास विचारतो, "जादा विमा घेता का?" हो-नाही म्हणण्याआधी चार गोष्टी पाहाव्यात.

१) नंबरप्लेट : स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीची पाटी काळी व अक्षरे पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची गाडी खाजगी वापराची. ती भाड्याने चालली असताना ठोकर झाली, तर विमा कंपनी गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारू शकते. अशा गाडीवर मालकाने चिठ्ठी देऊन घेतलेले "विम्याचे पैसे" म्हणजे विमा नव्हे. स्वस्त पडते म्हणून भुलू नये.

२) मूळ पॉलिसी : १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. आपल्या गाडीने रस्त्यावरचा माणूस जखमी झाला किंवा कोणाचा बैल दगावला, तर भरपाई त्यातून मिळते. गाडीच्या दुरुस्तीला मात्र त्यातून छदामही मिळत नाही. त्यासाठी पॅकेज पॉलिसी, म्हणजे आपण ज्याला फुल इन्शुरन्स म्हणतो ती लागते. चंद्रपूर-मूल रस्त्यावर रात्री रानडुक्कर आडवं आलं, की हा फरक कळतो. वजनकाट्याची पावती पाहतो तशी पॉलिसीची मुदत व प्रकार पाहावा.

३) जादा विमा : हा बहुधा भाड्याच्या करारातलाच भाग असतो. नुकसान झालं तर अमुक रकमेपेक्षा जास्त तुमच्याकडून घेणार नाही, एवढंच त्यात असतं. समजा, ४ दिवसांचे १,२०० रुपये भरून तुमचा वाटा २५,००० वरून ५,००० वर येतो. २५,००० एकदम गेले तर खोडव्याचं खत अडणार असेल, त्यानं जरूर घ्यावा. वाटा मुळातच ५-६ हजारांचा असेल, तर घेण्याची गरज नाही. टायर, गाडीचा खालचा भाग आणि इंजिनात शिरलेलं पाणी बहुधा वगळलेलं असतं. आलापल्ली-भामरागडकडे जाणाऱ्यांनी हे आधी विचारावं. पर्लकोटेचं पाणी पुलावर असताना गाडी घालू नये, विमा असो वा नसो.

४) स्वतःचा जीव : मालक-चालकासाठी सक्तीचा असलेला १५ लाखांचा अपघात विमा मालकाचा आहे, भाड्याने चालवणाऱ्याचा नाही. आपल्यासाठी बँकेतून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे : वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूस २ लाख. शिवाय गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून शेतकरी कुटुंबास २ लाख मिळतात. बँकेचा हप्ता चालू आहे ना, हे निघण्यापूर्वी पाहा.

दारू पिऊन किंवा परवान्याशिवाय गाडी हाकली, तर जादा पैसे भरूनही उपयोग नाही.

गाडी ताब्यात घेताना जुने ओरखडे करारावर लिहून मालकाची सही घ्यावी व मोबाईलवर फोटो काढावेत. एखादं कलम कळलं नाही, तर सही करण्याआधी कागद आपल्या गट ऑफिसात आणून दाखवावा.

— ऊस विकास अधिकारी